एका अक्षराला एक घर

डहाणूपासून तलासरीपर्यंत कुठल्याही सरकारी कचेरीत जा, खुर्चीत बसलेल्या माणसाची दहाही बोटं आमच्या टायपिंगच्या सरांनी एकदा मोडून पुन्हा जोडलेली असणार, यावर मी माझी स्कूटी पैजेवर लावायला तयार आहे. तहसील, पंचायत समिती, कोर्ट, रेल्वे, सगळीकडे त्यांचे विद्यार्थी. मीही त्यांचीच विद्यार्थिनी, फक्त माझी खुर्ची शाळेतली, मी शिक्षिका. स्टेशनजवळ एका किराणा दुकानाच्या माथ्यावर पत्र्याच्या खोलीत त्यांचा वर्ग होता. आठ मशीनं एकदम सुरू झाली की खालच्या दुकानदाराला गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू यायचं नाही. साखर की तूरडाळ हे तो हाताच्या खुणेनं विचारायचा. सर आमच्या हातांवर फडकं टाकायचे. कळ डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधायची, असा दंडक होता. आणि विद्यार्थ्याला नावानं हाक मारणं त्यांना कधी जमलं नाही. ज्या मशीनवर बसाल तो तुमचा नंबर. मी पाचव्या मशीनवर शिकले, म्हणून आज माझी दोन मुलं कॉलेजात गेली तरी भर बाजारात मासळीवाल्या बायकांसमोर मला हाक येते, "काय पाच नंबर, पापलेट घेतेस की बोंबलावर भागवतेस?" तहसीलमधले एक अव्वल कारकून साहेब दुसऱ्या मशीनवर शिकले होते. त्यांना चारचौघांत "अरे दोन नंबर!" अशी हाक आली की ते रस्ता बदलतात. बिचाऱ्यांचा कारभार तसा अगदी स्वच्छ आहे.

सरांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते मशीनमधून आलं होतं. टाइपरायटरवर कुठलीही कळ दाबा, कागद धरणारा गाडा तेवढाच सरकतो. 'र' हडकुळा आहे म्हणून त्याला कमी जागा नाही आणि 'क्ष' अंगानं भरलेला आहे म्हणून जास्त नाही. "बघा, जगात एवढंच एक ठिकाण आहे जिथे सगळ्यांना सारखं मिळतं," असं ते पहिल्या दिवशी सांगत आणि मग पुढच्या सहा महिन्यांत रोज सांगत. आम्हाला परीक्षेतल्या वेगाची काळजी असायची, त्यामुळे समतेकडे आमचं फारसं लक्ष नव्हतं. पुढे कॉम्प्युटर आले, परीक्षा बदलली, मशीनं गेली. सात भंगारात गेली आणि एक सरांच्या घरी टीव्हीच्या जागी जाऊन बसलं. टीव्ही त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, स्वयंपाकघरात नेला. वर्गाला कुलूप लागलं त्याच आठवड्यात सरांनी बारीक चौकटींच्या पाच वह्या आणल्या आणि हातानं अक्षरं काढायला सुरुवात केली. बारा चौकटी रुंद, सोळा चौकटी उंच, एवढं एका अक्षराचं घर. काना, मात्रा, वेलांटी ही त्या घरातलीच माणसं, त्यांना वेगळी खोली नाही. एक अक्षर, एक घर. मशीन गेलं, पण मशीनचा न्याय त्यांनी वहीत उतरवून ठेवला.

आता न्याय म्हटलं की काहीतरी रुक्ष, कडक डोळ्यांपुढे येतं. पण सरांच्या हातून जी अक्षरं उतरली ती सगळी खोडकर निघाली. याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. हडकुळ्या 'र'ला एकट्याला आख्खं घर मिळाल्यावर तो काय करणार? त्यानं पाय लांब सोडले, कमरेवर हात ठेवला आणि एस्टीत तिघांच्या बाकावर एकटाच बसलेल्या माणसासारखा तो ऐसपैस झाला. 'ट'नं पोट पुढे काढलं. 'ढ'ला शेवटच्या बाकावरची डुलकी लागली. 'ळ'च्या दोन जिलब्या झाल्या, त्यातली एक थोडी खाल्लेली. आणि जोडाक्षरांची अवस्था तलासरीला जाणाऱ्या जीपच्या मागच्या सीटसारखी. एकमेकांच्या मांडीवर बसून, कोपर आत घेऊन, पण सगळी आत. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर त्याची स्वतःची आखूड रेघ. आपण शब्दावर एक लांबलचक रेघ ओढतो ती सरांना मान्य नाही. "ती चाळ झाली. माझ्याकडे प्रत्येकाला स्वतःचं छप्पर," असं ते म्हणत.

या छपरावरून सरांच्या घरी चाळीस वर्षं भांडण चालू होतं. काकू गुजराती शाळेत शिकलेल्या. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते. किराण्याची यादी काकू गुजरातीत करायच्या आणि सर ती हातात घेऊन उसासा टाकायचे, "बिचारी! सगळी उघड्यावर." काकू पोळी लाटता लाटता उत्तर द्यायच्या, "छापरा वगर हवा तो आवे! छप्पर नसलं की हवा तरी येते! तुमच्या अक्षरांना बघूनच माझा जीव घाबरा होतो." मग सर दुपारच्या जेवणापर्यंत बोलायचे नाहीत. जेवणात आमरस किंवा कढी असेल तर अबोला थोडा आधी सुटायचा. एवढं भांडण असून लग्न टिकलं कसं, असं मी एकदा विचारलं. सरांनी गंभीरपणे सांगितलं, "तिचं नाव तीन घरांचं, माझंही तीन घरांचं. पत्रिका बघायला लागलीच नाही."

कारण त्यांची दुसरी सवय हीच. ते माणसं घरांनी मोजतात. डहाणू तीन घरांचं, तलासरी चार घरांचं, म्हणून तालुका वेगळा झाला ते बरंच झालं. चिखले तीन, वाढवण चार. कोणी नवा माणूस भेटला की "आडनाव किती घरांचं?" हा पहिला प्रश्न. माझं लग्न ठरलं तेव्हा साखरपुड्याला ते आले आणि माझ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगी माहेरी दोन घरांची होती, तुमच्याकडे पाच घरांत येतेय. सांभाळून घ्या." सासरे दोन दिवस विचार करत होते की आपली ही बाकीची घरं नेमकी कुठे आहेत आणि ती मुलीकडच्यांना कोणी सांगितली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती 'ल'ची. आमच्याकडे मधूनमधून जमीन हलते. जोराची नाही, पण भांडी वाजतात, कुत्री भुंकतात आणि माणसं खाली पळतात. अशाच एका दुपारी सर 'ल' शाईनं गिरवत होते. धक्का बसला. सर आणि आम्ही एकाच सोसायटीत राहतो, ती आख्खी बिल्डिंग जिने उतरून खाली आली. काकू खालून ओरडतायत, "अहो, उतरा! छत पडेल डोक्यावर!" आणि सर येतच नाहीत. पाच मिनिटांनी आले, वही दोन्ही हातांवर आडवी धरून, शाई ओली होती म्हणून. 'ल'च्या पोटात एक छानसा झोल आला होता. काकू रडत होत्या, सर तो झोल आम्हाला दाखवत होते. "आता हा असाच राहील. हा मी काढलेला नाही, जमिनीनं काढलाय." त्या दिवसापासून सरांचा 'ल' जिथे जिथे येतो, तिथे तो थोडा हललेला असतो.

अशी अक्षरं काढून ती वहीत ठेवून देणाऱ्यातले सर नव्हते. ती वापरात यावीत हा त्यांचा ध्यास होता. मुंबईची माणसं सुट्टीत सुरूच्या बागेत फिरायला येतात, त्यांना कोणीतरी सांगायचं की इथे एक कलाकार राहतात. ती वर यायची आणि विचारायची, वारली चित्रं काढता का? सर जिन्याकडे बोट दाखवायचे. "ती ज्यांची आहेत त्यांच्याकडे जा, गंजाडला. मी अक्षरवाला." घोलवडच्या एका बागायतदारांनी मोठ्या मनानं चिकूच्या खोक्यांवर लिहायला सांगितलं. 'चिकू' दोन घरांचा आणि खोका चांगला आठ घरांचा. अक्षर मोठं करा, असं बागायतदार म्हणाले. सरांना ते पटेना. घराचं माप एकदा ठरलं ते ठरलं. त्यांनी सगळ्या खोक्यांवर 'चिकूचिकूचिकूचिकू' असं लिहिलं. माल गेला तिकडे व्यापाऱ्याला वाटलं आत खेळणी आहेत. पारनाक्याजवळच्या खानावळीत त्यांनी पदार्थांची पाटी लिहून दिली. माणसं 'सुरमई'तल्या 'ई'ची शेपटी बघत बसायची आणि ऑर्डर द्यायला वेळ लावायची. मालकानं दहा दिवसांनी ती पाटी आदरपूर्वक हात धुवायच्या जागेवर हलवली. वाढवणच्या एका होडीवर मात्र नाव लिहिलं ते टिकलं. सगळी अक्षरं सुटी सुटी, सारख्या अंतरावर, म्हणून ती लांबूनही वाचता येतात, असं होडीवाल्या भाऊंचं म्हणणं. सर महिन्यातून एकदा किनाऱ्यावर जाऊन ती होडी परत येताना बघायचे. पहिलं घर दिसलं, दुसरं दिसलं, असं मोजत उभे राहायचे.

एकदा मुंबईची एक मुलगी आली. ती कॉलेजात अक्षरं काढायचंच शिकलेली होती. वह्या बघून तिचे डोळे मोठे झाले. "सर, याला मोनोस्पेस म्हणतात, सगळ्या अक्षरांना सारखी जागा. देवनागरीत असं हातानं काढलेलं फार कमी आहे," ती म्हणाली. सर म्हणाले, "नाव तुम्ही ठेवा, जागा मी ठेवतो." तिनं वह्यांचे फोटो काढून नेले आणि दोन महिन्यांनी कॉम्प्युटरवर फॉन्ट करून पाठवला. मी माझ्या फोनवर उघडून दाखवला. सर बघत राहिले आणि एकदम उठून उभे राहिले. "'र'ची जमीन हडपली!" पोरीनं चांगल्या मनानं 'र' थोडा अरुंद केला होता, डोळ्यांना बरा दिसावा म्हणून. सरांनी लगेच माझ्याकडून तिला फोन लावून घेतला आणि पाऊण तास 'र'ची बाजू मांडली. तिनं हसत हसत जमीन परत केली. तो फॉन्ट आता माझ्या लॅपटॉपवर आहे, माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यातच निघतात. पेपर कितीही अवघड असला तरी मुलांना तो सोपाच वाटतो, हा माझा अनुभव.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग ती पाटी झाली.

आमच्या सोसायटीतले सगळ्यात वडीलधारे आजोबा गेले. सर तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही पहिल्या. फ्लेक्सवाल्याकडे वीज नव्हती, म्हणून सेक्रेटरी सरांकडे आले. "सर, गेटवर एक बोर्ड पाहिजे होता. तुम्ही नं, जरा साधं लिहा." सर लगेच कामाला बसले. 'भावपूर्ण श्रद्धांजली' त्यांनी बोटांवर मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला. भा, व, पू, र्ण: चार. श्र, द्धां, ज, ली: चार. आयुष्यभर अक्षरं मोजणाऱ्या माणसाला अशी जुळणी दुसऱ्यांदा मिळत नाही. आणि त्या आनंदात ते पाटी कशासाठी आहे हेच विसरले. गेटवर पाटी लागली. 'भा'नं छाती पुढे काढलेली, 'पू'नं शेपूट उडवलेलं, 'श्र' एका पायावर उभा, आणि शेवटच्या 'ली'त जमिनीनं दिलेला झोल. लोक तोंडं पाडून येत होते, गेटपाशी वर बघत होते आणि त्यांचे ओठ आपोआप हलत होते. दूरच्या कुठल्याशा नातेवाईक बाई तर चक्क हसल्या आणि मग पदर तोंडात कोंबून रडल्यासारखं करू लागल्या. कहर म्हणजे आजोबांचे चिरंजीव समोर आल्यावर सर पुढे झाले आणि त्यांचा हात धरून म्हणाले, "चार वर, चार खाली! एक घर कमी नाही, एक जास्त नाही!"

चिरंजीवांनी पाटी काढायला सांगितली. ते सेक्रेटरींना एवढंच म्हणाले, "आमच्या बाबांची चेष्टा झाली." सरांना चेष्टा करायची नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दिवशी कोण कोणाला समजावणार? सेक्रेटरींनी पाटी उलटी करून जिन्याखाली ठेवली.

सर घरी गेले आणि त्यांनी एक रडका 'अ' काढायचा प्रयत्न केला. सरळ रेघा, खाली मान, गप्प उभा. काकूंनी मला नंतर सांगितलं, चौदा पानं फाडली. प्रत्येक वेळी कुठेतरी कोपऱ्यात तो 'अ' हसायचाच. शेवटी सरांनी वह्या मशीनच्या झाकणात घातल्या, झाकण लावलं आणि ते खिडकीत बसले. पहिला आठवडा आम्हाला वाटलं राग आहे, जाईल. दुसरा महिना लागला. बाजारात ते मला "नमस्कार, बाई" म्हणाले आणि पुढे निघून गेले. नंबर गेला म्हणजे माणूसच गेला होता. मी घरी येऊन नवऱ्याशी भांडले, काही कारण नसताना.

काकू खाली आल्या, त्यांनी लसणीची चटणी आणली होती. बसल्या आणि म्हणाल्या, "बेन, तू कायतरी काम दे ना यांना. माझ्या यादीकडे बघून पण आता उसासा टाकत नाहीत. मी काल मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिली, तरी काय नाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीस वर्षं ज्या उसाशावर त्या भांडल्या, तोच त्यांना परत हवा होता.

माझी शाळा तलासरी तालुक्यात एका पाड्यावर आहे. मुलांच्या घरची बोली वेगळी, शाळेतली मराठी त्यांना पहिलीत परक्या घरासारखी वाटते. अक्षर फळ्यावर लिहिलं की ती बघतात, जवळ जात नाहीत. अंगणात नुकताच सिमेंटचा गुळगुळीत कोबा झाला होता. मी सरांना म्हटलं, अंगणात अक्षरं काढून द्या. "नको, बाई. माझी अक्षरं कुठे काय बोलायचं ते शिकलेली नाहीत," ते म्हणाले. शेवटी काकूंनीच त्यांना ओढून आणलं, मला शाळा बघायची आहे असं सांगून. पिशवीत डब्याखाली त्यांनी वह्या घातल्या होत्या, हे सरांना माहीत नव्हतं.

सर अंगणात आले तेव्हा मुली ठिकरी खेळत होत्या. विटेच्या तुकड्यानं कोब्यावर घरं आखली होती. एक लांब, एक चिंचोळं, एक कोपऱ्यात दबलेलं. सर थांबले. एका मुलीनं ठिकरी टाकली आणि लंगडी घालत त्या चिंचोळ्या घरात गेली. तिचा पाय रेघेवर पडला आणि ती बाद झाली. सरांचा चेहरा बदलला. "हे काय? हिचं घर केवढं, आणि तिचं घर केवढं! पाय मावणार कसा?" ते माझ्याकडे वळून ओरडले, जणू ती घरं शिक्षण खात्यानं आखली होती. "पाच नंबर! सुतळी आहे का शाळेत?"

मी सुतळी आणायला पळाले. खरं सांगते, मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन मिनिटं उभी राहून आधी डोळे पुसले आणि मग सुतळी शोधली.

सुतळी गेरूच्या पाण्यात बुडवायची, एक टोक मी धरायचं, दुसरं काकूंनी, मधे सरांनी चिमटीत उचलून सोडायची. फट्! कोब्यावर सरळ लाल रेघ. मुलं प्रत्येक फटक्याला ओरडत होती. संध्याकाळच्या गाडीपर्यंत सात ओळींत सात अशी सारखी घरं तयार झाली आणि मग पुढचे कितीतरी शनिवार सर ऑइलपेंटचे डबे घेऊन येत राहिले. एका घरात एक अक्षर. ऐसपैस 'र', पोटवाला 'ट', डुलकीतला 'ढ'. मुलं पेंट सुकायची वाट बघत रेघेपाशी बसून राहायची. ज्या अक्षरांजवळ ती फळ्यावर जात नव्हती, त्यांच्यात ती आता एका पायावर उड्या मारत होती आणि उडी मारताना त्यांचं नाव ओरडत होती. 'ळ'मध्ये उतरलं की दोन्ही पाय टेकायची परवानगी, कारण तिथे दोन जिलब्या आहेत, असा नियम त्यांनी स्वतःच केला. मग सरांनी त्यांना घरं मोजायला शिकवलं. "बाई, माझं नाव तीन घरांचं!" "बाई, माझं दोनच का?" एका मुलानं घरी जाऊन आपल्या म्हशीला तीन घरांचं नाव ठेवलं, दोन घरांचं तिला लहान पडत होतं म्हणून. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पहिलीचा आख्खा वर्ग स्वतःचं नाव उड्या मारून लिहायला लागला होता, आणि सर व्हरांड्यात बसून चुकलेल्यांना त्यांच्या बसायच्या ओळीच्या नंबरानं हाका मारत होते.

शेवटच्या शनिवारी काकूंनी चपला काढल्या, निऱ्या वर खोचल्या आणि म्हणाल्या, "हटो, मला पण खेळायचंय." सत्तरीची बाई. सर "अगं, पडशील" म्हणेपर्यंत काकू एका पायावर पहिल्या घरात होत्या. तिथे त्या डुगडुगल्या, मुलांनी दोन्हीकडून हात दिले, आणि त्या आपल्या नावाची तीन घरं उड्या मारून पार झाल्या. शेवटचं घर 'ल'चं होतं, त्यांच्या नावातल्या 'ला'साठी. धापा टाकत त्यांनी सरांना सुनावलं, "तुमच्या छपरावर पाय घसरला माझा. एक तरी अक्षर माझ्यासारखं काढा ना, उघडं!" सर ब्रश पुसत म्हणाले, "माझ्या अंगणात बिनछपराचं अक्षर येणार नाही." आणि काकूंच्या पिशवीतून डोकावणाऱ्या किराण्याच्या यादीकडे बघून त्यांनी उसासा टाकला. काकू माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्यात माझे सगळे आभार आले होते.

काकू यंदा पावसाळा संपता संपता गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. सेक्रेटरी हळूच मला म्हणाले, "फ्लेक्सवाल्याला सांगितलंय. सरांना त्रास नको." मी मान हलवली. सर आतल्या खोलीत होते. मशीनचं झाकण उघडं होतं. ते मला म्हणाले, "जिन्याखाली एक पाटी उलटी ठेवली होती. ती आण."

मी ती आणली, पुसली. सरांनी तिला पांढरा रंग दिला आणि पट्टीनं तीनच घरं आखली. वर काही नाही, खाली काही नाही, श्रद्धांजली नाही, आदरांजली नाही. नुसतं तिचं नाव. ते मधेच थांबत, हात मांडीवर ठेवत, पुन्हा सुरू करत. पूर्ण व्हायला दुपार झाली. कोणी घाई केली नाही. ज्या चिरंजीवांनी मागे पाटी काढायला लावली होती, तेच वर आले आणि पाटीचं दुसरं टोक धरून त्यांनी ती गेटवर नेली.

मी खाली गेले तेव्हा लोक जमले होते आणि वर बघत होते. तिन्ही अक्षरं गुजरातीतली होती. तीन घरं, सारख्या मापाची, आणि एकाच्याही डोक्यावर रेघ नव्हती. पहिल्यानं हात कमरेवर ठेवला होता, दुसरं एका पायावर उभं होतं, आणि तिसऱ्या 'ला'च्या पोटात तोच झोल. ते एका पायावरचं अक्षर बघून मला शाळेचं अंगण दिसलं, वर खोचलेल्या निऱ्या दिसल्या, आणि मी रडता रडता हसले. आजूबाजूला बघितलं तर सेक्रेटरी हसत होते, चिरंजीव हसत होते, दुधवाला सायकल धरून हसत होता. सगळ्यांचे डोळे ओले होते.

सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग पाटीकडे बघतच त्यांनी विचारलं, "हवा येत असेल ना आता?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"हसलीस ना, पाच नंबर?" ते म्हणाले. "मग बरोबर आलंय."